कुटुंब सवलत

शूझो कुरामोचीला फोनवर टीव्ही बघायचा होता, एवढंच. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मोबाईल कंपनीच्या दुकानात शिरताना त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण मनात काही नाही असे दिवस या माणसाच्या वाट्याला फार आले नव्हते. ताकाओकातल्या ओतकामाच्या कारखान्यात त्यानं जन्मभर एकच काम केलं: पितरांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायची वाटीसारखी घंटा घ्यायची, लाकडी दांडीनं टोला द्यायचा आणि कान लावून खोट शोधायची. खोट सापडली की घंटा परत भट्टीत. सापडली नाही की तो पुन्हा टोला द्यायचा, कारण खोट नसेलच यावर त्याचा विश्वास बसत नसे. मार्चमध्ये तो निवृत्त झाला. कान मात्र निवृत्त झाले नव्हते. ते आता घरभर फिरत होते.

काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही हातांनी चहा पुढे ठेवला आणि संगणकात डोकावून गोड हसली.

"कुरामोचीसान, आपण आमचे फार जुने ग्राहक. नवा फोन घेतलात तरी कुटुंब सवलत चालूच राहील. आपल्या गटात सध्या दोन नंबर आहेत."

"तीन," शूझो म्हणाला.

"दोन."

"अहो, मी, बायको आणि मुलगी. माझ्या शाळेत याला तीन म्हणायचे."

मुलीनं पुन्हा पाहिलं. हसू होतं तेवढंच राहिलं. "गेल्या महिन्यापर्यंत तीन होते. आता दोन आहेत."

"कोण गेलं?"

"ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक नंबर ज्याच्या त्याच्या नावावर आहे. खाजगी माहितीचा कायदा आहे ना."

"पण कुटुंब माझं आहे!"

"हो, कुटुंब आपलंच. माहिती त्यांची," असं म्हणून मुलगी इतकी खाली वाकली की तिच्यावर ओरडायची सोयच उरली नाही.

टीव्हीचा फोन राहिला बाजूला. शूझो तसाच बाहेर पडला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

या कंपनीशी कुरामोचींचं नातं तसं जुनं. पहिला फोन घेतला तेव्हा त्या फोनवरून फक्त बोलता यायचं, आणि तेही खिडकीशी उभं राहून. मग त्यावरून चिठ्ठ्या जायला लागल्या. मग तो हवामान सांगायला लागला, गाड्यांच्या वेळा सांगायला लागला, फोटो काढायला लागला, बँकेत जायला लागला, आणि अलीकडे तर त्याचं पाकीट झालं; स्टेशनवरच्या टपरीत माणसं फोन टेकवून चहाची बाटली उचलत आणि चालती होत. दर वर्षी कंपनी कुणाच्या तरी हातचं काम काढून घेई, आणि तो माणूसही रांगेत उभा राहून तिचाच फोन विकत घेई. गावातली टोफूची दुकानं एकेक करून बंद पडली आणि त्या जागी फुगे लावलेली फोनची दुकानं आली. शूझोनं प्रत्येक नव्या गोष्टीवर आधी संशय घेतला आणि मग ती घेतली.

कुटुंब सवलत मात्र त्याला पहिल्या दिवसापासून आवडली होती. मुलगी मिझुहो तेव्हा शाळेच्या गणवेशात होती. तिघं एका रांगेत बसले, तिघांनी सहीच्या जागी आपापल्या नावाचा शिक्का उठवला, आणि त्या दिवसापासून घरातल्या घरात बोलणं फुकट झालं. शूझोला त्या फुकटाशी कर्तव्य नव्हतं. तो मोबाईलवरून बायकोला कधी फोन करत नसे, करायचं कामच काय? आणि मुलीला करायचा तर घरातला जुना फोन होताच. त्याला आवडलं होतं ते कुंपण. कोण आत, कोण बाहेर, हे कंपनीनं एकदाचं लिहून घेतलं होतं.

पण त्या ऑक्टोबरात सरकारनं नवीनच टूम काढली. कंपनी सोडली तरी नंबर बरोबर नेता यायला लागला. तोवर कंपनी बदलायची म्हणजे नंबर बदलायचा, साऱ्या जगाला कळवत बसायचं, म्हणून माणसं कंटाळून का होईना, होती तिथं टिकून राहायची. आता आतल्या आत कंपनी बदलायची, नंबर तोच ठेवायचा, आणि कुणाला पत्ताही लागू द्यायचा नाही! हा नियम करणाऱ्यांच्या घरी मुली नसाव्यात, असं शूझोचं स्पष्ट मत झालं.

कारण गेली असणार ती मिझुहोच. याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ती ओसाकात होती, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. आदल्या वर्षी तिथल्या एका मुलाशी तिचं जमत आलं होतं आणि शूझोनं एका चौकशी कचेरीला पैसे देऊन त्या मुलाच्या घराण्याची, आजारपणांची, कर्जांची साग्रसंगीत माहिती काढली. गावात पूर्वी सगळेच काढत. पण कचेरीचा माणूस शेजारीपाजारी विचारत फिरला, ते त्या मुलाच्या आईच्या कानावर गेलं आणि प्रकरण तिथंच मिटलं. मिझुहो भांडली नाही. ती फक्त ओबोनला पितरांच्या पूजेला घरी आली नाही. नंतर फोनवर "बरी आहे", "थंडी आहे", "काम आहे" एवढंच. तेव्हापासून शूझोला एकच भीती होती. ही मुलगी एक दिवस दार न वाजवता निघून जाईल, आणि आपल्याला ते तिसऱ्याच कुणाकडून कळेल. आता काउंटरवरच्या मुलीकडून कळलंच होतं.

तोंडावर विचारावं, तर उरलासुरला धागाही तुटायचा. म्हणून त्यानं आधी घरातच कानोसा घ्यायचं ठरवलं.

रात्रीच्या जेवणाला मुळा घालून शिजवलेला बुरी मासा होता. इत्सुएनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, भाताचं वाडगं पुढे ठेवलं आणि ती समोर बसली.

"मिझुहोचा काही फोनबिन?" शूझोनं माशाचा काटा काढता काढता विचारलं.

"आला होता."

"काय म्हणत होती?"

"थंडी पडली म्हणाली."

"बस? एवढंच?"

"तुम्हाला आणखी काय पडायला हवं होतं?"

"तसं नाही. कुणाबरोबर राहते, जेवते काय..."

"एकटी राहते. आंबवलेलं सोयाबीन आणि भात जेवते. सूप आणखी हवं का?"

इतकं सरळ उत्तर! शूझोनं कान टवकारले. सरळ उत्तर देणाऱ्या माणसाकडे काहीतरी लपवायला असतं, हा त्याचा कारखान्यातला अनुभव होता. इत्सुएला सगळं माहीत होतं. मायलेकींचं संगनमत होतं. आता त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन आला की इत्सुए कपडे वाळवायच्या गच्चीत जाऊन बोलायची. मंगळवारी आणि शुक्रवारी फुलांच्या रचनेच्या वर्गाला म्हणून बाहेर पडायची, आणि परत येताना हातात एक फूल नसायचं. त्या मुलाच्या घरच्यांना भेटत असणार, दुसरं काय! मुलीची वाट मोकळी करून देत असणार, आणि बाप म्हणजे घरातलं फडताळ!

इत्सुएवर त्याला राग आला, पण संशय आला तो तेवढाच: ती लेकीला झाकते आहे. त्यापलीकडे बायकोबद्दल काही वाटून घ्यायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःलाही न शोभणारी गोष्ट केली. इत्सुए गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेली होती. तिचा फोन जेवणाच्या टेबलावर होता. शूझोनं तो उचलला, चोरासारखा उघडला. मिझुहोच्या चिठ्ठ्या वाचल्या की सोक्षमोक्ष लागला असता. फोननं गुप्त आकडा विचारला. शूझोनं मुलीची जन्मतारीख घातली. फोननं नकार दिला. बायकोची जन्मतारीख घालायची म्हणून त्यानं बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. महिना आठवत होता, तारीख काही केल्या आठवेना. तेवढ्यात दारात चाहूल लागली. इत्सुए कपड्यांची पाटी घेऊन उभी होती.

"चहा आहे का?" शूझोनं विचारलं आणि फोन टेबलावर ठेवला.

इत्सुए थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग ती पाटी खाली ठेवून चहा करायला गेली. सुटलो, असं शूझोला वाटलं.

मनातलं बोलायला त्याला एकच जागा होती, तोकुजीचं केशकर्तनालय. तोकुजी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गालाला साबण लागलेला असताना माणूस उलट बोलू शकत नाही, या गोष्टीचा तोकुजी जन्मभर फायदा घेत आला होता.

"गेली ना दुसऱ्या कंपनीत?" सगळं ऐकून तोकुजी म्हणाला. "मग तिथं कुणाच्या तरी कुटुंबात शिरली असणार. एकटं कोण जातंय? एकट्याला महागात पडतं."

"तिचं लग्न झालेलं नाही, तोकुजी."

"लग्न कोण विचारतंय? एका पत्त्यावर राहतो म्हणून सांगितलं की कंपनीच्या लेखी झालं कुटुंब. हलू नकोस रे, कापेल."

शूझो हलला होता खरा. कोपऱ्यातल्या टीव्हीवर कसलीशी चर्चा चालली होती; एप्रिलपासून नवा कायदा येणार, घटस्फोट घेतला तर नवऱ्याच्या निवृत्तिवेतनातला अर्ध्यापर्यंत हिस्सा बायकोला मिळणार. वयस्कर बायका हळू आवाजात, तोंडं न दाखवता बोलत होत्या.

"बघ, बघ," तोकुजी वस्तरा टीव्हीकडे रोखत म्हणाला, "सगळ्या एप्रिलची वाट बघतायत म्हणे. निवृत्त नवरा म्हणजे ओलं पान. झाडूला चिकटतं, झटकलं तरी पडत नाही. तू पण आता ओलं पानच की!"

"माझ्या इत्सुएला टीव्ही कुठं कळतोय," शूझो म्हणाला आणि साबणासकट हसला. कितीतरी दिवसांत तो इतका मोकळा हसला नव्हता.

"बरं, तुझ्या मुलीचं. विचारायचं कशाला? सरळ फोन कर. आपल्याच कंपनीचा नंबर असला की रिंग व्हायच्या आधी बारीक आवाज येतो, पू-पू-पू. नंबर बरोबर न्यायचा नियम आला तेव्हापासून सुरू केलंय कंपनीनं, फुकट आहे की नाही ते आपल्याला कळावं म्हणून. माझी बायको तो आवाज आल्याशिवाय बहिणीशी बोलतच नाही. पण मोबाईलवरून कर हं, घरच्या फोनवरून कळायचं नाही."

"आणि आवाज आला नाही तर?"

"तर पाखरू उडालं," तोकुजी म्हणाला आणि त्यानं गरम टॉवेल शूझोच्या तोंडावर दाबला.

इतकी सोपी परीक्षा, पण शूझोनं ती पुढे पुढे ढकलली. जन्मभर परक्यांच्या घंटांना टोले देणाऱ्या या माणसाला ही एक घंटा वाजवायचा धीर होईना. फोन हातात घ्यायचा, मुलीचं नाव काढायचं आणि परत मिटायचं. इत्सुएचं वागणं मात्र जसंच्या तसं होतं. भात वेळेवर, सूप वेळेवर, आंघोळीचं पाणी हवं तितकंच गरम. त्या शांतपणानं शूझो आणखीच जळत होता. मुलगी हातची चाललीय आणि ही बाई मुळा कापते आहे!

शेवटी रविवारी दुपारी तो घराबाहेर पडला आणि जुन्या किल्ल्याच्या बागेत जाऊन बसला. बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडू नयेत म्हणून माळी झाडांना दोर बांधत होते. एकजण शिडीवर, दुसरा खालून "आणखी ताण, आणखी" म्हणून ओरडत होता. शूझोनं डोळे मिटले, बटण दाबलं आणि फोन कानाला घट्ट लावला.

पू-पू-पू.

मग रिंग वाजली. शूझोचे डोळे भरून आले. हे लिहिताना संकोच वाटावा असं काही नाही, त्याला खरोखरच रडू आलं.

"बाबा? मोबाईलवरून? काय झालं? आई बरी आहे ना?"

"तू आहेस!" शूझो म्हणाला.

"माझा नंबर आहे, तर मीच असणार ना."

"तसं नाही गं. आहेस. आपल्यातच आहेस." आणि मग त्याला धरवेना. दुकानातली मुलगी, तिनाचे दोन, तोकुजी, पू-पू-पू, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. सांगता सांगता म्हणाला, "आणि ते चौकशी कचेरीचं... ते माझं चुकलं. तुझ्या जागी मी असतो तर मी पण आलो नसतो."



"बाबा, तुम्ही आत्ता माफी मागितलीत?"

"आवाज आला म्हणून मागितली. आला नसता तर काय करणार होतो कुणास ठाऊक."

मिझुहो हसली. किती दिवसांनी ऐकलं होतं त्यानं ते हसणं! पण ते मध्येच थांबलं.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मी कंपनी सोडून गेले."

"तू नाही तर कोण? तिघांतले दोघं उरले, एक मी, एक तू, म्हणजे..."

शिडीवरचा माळी दोर ताणत होता. फांदी करकरली.

"मिझुहो?"

"बाबा, मी यात काही बोलणार नाही. मला मध्ये घेऊ नका. आईशी बोला."

"तुला माहीत आहे."

"आईला विचारा. आणि चौकशी करू नका हो. नुसतं विचारा." "ठेवते मी. थंडीत बसू नका."

बागेपासून घरापर्यंतचा रस्ता शूझोच्या पायाखालचा होता, पण त्या संध्याकाळी तो संपेना. जो संशय इतके दिवस ओसाकाच्या दिशेनं तोंड करून बसला होता, त्यानं मान वळवली होती. गच्चीत जाऊन बोलणं, मंगळवार-शुक्रवार, रिकामे हात. सगळं होतं तेच होतं, फक्त त्यातून मिझुहो वजा झाली होती. कुणी फितवलं असेल हिला? कोण असेल? फुलांच्या वर्गातली कुणी? की कुणी पुरुष? चालता चालता त्याला तोकुजीच्या दुकानातला टीव्ही आठवला आणि तो भर रस्त्यात उभा राहिला. मागून येणारी सायकल घंटी वाजवत त्याला वळसा घालून गेली.

घरात स्वयंपाकघराचा दिवा लागला होता. फाटकातून खिडकी दिसत होती आणि खिडकीत पाठमोरी इत्सुए. आत जावं, बसावं, विचारावं. साधी गोष्ट होती. पण शूझोच्या कानाला टोला दिल्याशिवाय काही खरं वाटत नसे. त्यानं फोन काढला. बायकोचा नंबर शोधायला त्याला बराच वेळ लागला. आजवर तो कधी लावलाच नव्हता.

आधी काहीच नाही. मग सरळ रिंग. पू नाही, काही नाही.

घरातून एक धून ऐकू आली. ही धून आपल्या घरात वाजते हे त्याला ठाऊक नव्हतं. इत्सुएनं हात पुसले आणि फोन उचलला.

"अहो, काय झालं? कुठं आहात?"

"फाटकात."

ती वळली. खिडकीतून तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण फोन खाली ठेवला नाही.

"आवाज आला नाही," शूझो म्हणाला.

"कसला?"

"आपल्या कंपनीचा असला की येतो. पू-पू-पू."

"असं होय," ती म्हणाली. "म्हणजे कळलं तुम्हाला."

"एप्रिल?"

"एप्रिल."

"कुठं जाणार?"

"इथंच, नदीपलीकडे. दोन खोल्या बघून ठेवल्यात. शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय, सध्या मंगळवार-शुक्रवार. पुढे रोजचं होईल म्हणाल्या बाई."

"कुणी फितवलं तुला?"

फोनमध्ये ती हसली; ते हसणं चांगलं नव्हतं. "बघा. अजूनही तुम्हाला तिसरंच कुणीतरी हवंय."

शूझोला राग यायला हवा होता. त्यानं वाट पाहिली, पण राग आला नाही. त्यानं फाटकाचा खांब धरला.

"मग फोन आधी कशाला बदललास? एप्रिलपर्यंत गप्प राहायचं होतंस."

"बघायचं होतं मला," इत्सुए म्हणाली. ती सावकाश, शब्द निवडून बोलत होती. "इतकी वर्षं एका ठिकाणी काढली. सोडून जाताना कसं वाटतं, कोण जाणे. जाहिरातीत सांगत होते, नंबर तोच राहतो, काही बिघडत नाही. म्हटलं, आधी हे करून बघू. गेले, सही केली, बाहेर आले. रस्त्यातच मिझुहोचा फोन आला, नेहमीसारखा. भाजीवाली होती तिथंच होती. काही बिघडलं नाही हो. मी घाबरले होते, उगाच."

"लपवून केलंस."

"लपवलं?" आता तिचा आवाज चढला. लग्न झाल्यापासून त्यानं तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "आधीचा फोन पांढरा होता. हा लाल आहे. इतका लाल, की भाजीवालीनं लांबून विचारलं, नवा का म्हणून. रोज जेवताना तुमच्या वाडग्याशेजारी ठेवत होते मी. आज बघतील, उद्या बघतील. एकदा तर हातात घेतलात, उघडलात. मी दारात उभी होते. मनात म्हटलं, आता ओरडतील, आता विचारतील, आणि विचारलं तर कदाचित... तुम्ही म्हणालात, चहा आहे का."

शूझो खिडकीकडे बघत होता. तिच्या कानाशी काहीतरी लाल होतं, हे इतक्या लांबूनही दिसत होतं. त्यानं पांढरा फोन आठवायचा प्रयत्न केला. त्याला तो आठवेना. आणि इतकी सगळी वर्षं आपण काय काय तपासत होतो, असा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला.

"गारठा आहे बाहेर," इत्सुए म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "आत या. सूप गरम आहे."

"थांब. ठेवू नकोस."

"काय?"

"कंपनी वेगळी झाली," शूझो म्हणाला. "म्हणजे आता तुला फोन केला की पैसे पडत असतील."

"पडतात."

"पडू देत."

खिडकीतल्या इत्सुएनं एका हातानं शेगडी बंद केली आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"बरं," ती म्हणाली. "बोला मग."

शूझोनं तोंड उघडलं. विचारण्यासारखं पुष्कळ होतं. केव्हापासून? खोल्या कुणी दाखवल्या? घरमालक कोण? शाळेतल्या बाई कोण? एकामागून एक प्रश्न जिभेवर येत होते आणि प्रत्येक प्रश्नाला तीच लाकडी दांडी होती. त्यानं एकेक गिळून टाकला. मग तो दुसरं काही शोधायला लागला; एखादं साधं वाक्य, नवरा बायकोला म्हणतो तसं, ज्यात काही शोधायचं नसतं. ते त्याला सापडेना. त्याचा श्वास फोनमध्ये जोरजोरात ऐकू जात असणार. पलीकडे ती वाट बघत होती. तिनं फोन ठेवला नाही, त्यालाही ठेवता येईना, आणि पैसे पडत राहिले.